शूर कन्येचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स. जुना म्हणजे फार नाही, दोन वर्षं झाली असतील मला. पण आम्हा फ्लेक्सचं आयुष्य सहसा आठवड्याभराचं. वाढदिवस झाला की उतरवला, दहावा झाला की उतरवला. त्या मानाने मी म्हणजे आजोबाच. आजोबांना सगळं कळतं म्हणतात. मला मात्र काही कळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट घडली आणि ती आठवली की अजून माझं डोकं भणभणतं.

पारोळ्याच्या बाजारपेठेत रतिलालभाऊंचं छपाईचं दुकान आहे. तिथे मी पांढऱ्या गुंडाळीत पडून होतो. कोरा आणि गप्प. गुंडाळीतल्या गुंडाळीत मी मनात मांडे खायचो. मला कोणाचा तरी वाढदिवस मिळावा, नाहीतर एखाद्या दुकानाचं उद्घाटन मिळावं. श्रद्धांजली तेवढी नको. एके दिवशी दुकानात चुडामणआबा आले आणि माझं नशीब उघडलं, असं मला तेव्हा वाटलं.

आबांचं कपाशीच्या बियाण्याचं दुकान आहे, बसस्टँडच्या चौकात. माणूस मोठ्या मनाचा. कोणाकडे आजारपण असो, लग्न असो, आबा पुढे. आणि कोणाचंही काही चांगलं करायचं म्हटलं की त्यांना एकच सुचायचं, सत्कार! शाल, नारळ, हार आणि चौकात फ्लेक्स. दहावी पास झालेल्या पोरापासून रिटायर झालेल्या कंडक्टरपर्यंत आबांनी कोणालाच सोडलं नव्हतं.

"रतिलाल, मोठा फ्लेक्स करना शे," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. "समीक्षाना सत्कार शे."

समीक्षा हे तिचं खरं नाव नाही बरं का. खरं नाव माझ्यावर लाल अक्षरांत छापलं होतं आणि त्यानेच सगळा घोळ झाला. म्हणून इथे सगळ्यांचीच नावं मी बदलली आहेत. गावही पारोळाच असेल असं नाही.

समीक्षा नर्स. दूरच्या एका देशात मोठ्या दवाखान्यात नोकरीला गेली होती. तिथे युद्ध पेटलं. सैनिकांनी दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथल्या बायकांवर अत्याचार केले. समीक्षावरही केले. काही महिन्यांनी ती सुटून परत आली. धुळ्याला देवपुरात मोहिनीताई एक संस्था चालवतात. युद्धात, दंगलीत ज्या बायकांवर अशी जबरदस्ती झाली, त्यांना तिथे डॉक्टर मिळतो, वकील मिळतो, निर्धास्त झोपायला जागा मिळते, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस मिळतं. समीक्षा तिथे उपचारासाठी गेली आणि बरी होता होता तिथेच नर्स म्हणून काम करू लागली. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. आबांना वाटलं, पोरीचा भव्य सत्कार करू, लोक हेलावतील, संस्थेला मदत मिळेल. आता यात वाईट काय, सांगा बरं! मला तर कितीतरी दिवस ते सापडलं नाही.

रतिलालभाऊंनी कॉम्प्युटरवर तिचा फोटो घेतला. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतला, हसरा. तिच्या घरूनच मिळाला होता.

"खाले काय लिखू, आबा?"

"लिख, शूर कन्या."

"कसामा शूर? लोक इचारतीन ना."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. रतिलालभाऊ उगाच माऊस हलवत बसले. दोघांनाही तो शब्द तोंडातून काढता येईना. शेवटी आबा स्वतःच पुढे झाले आणि एका बोटाने त्यांनी तो टाइप केला. 'युद्धातील अत्याचारावर मात करणाऱ्या शूर कन्येचा भव्य नागरी सत्कार.' जो शब्द या दोघांना एकमेकांसमोर बोलवत नव्हता, तो हातभर उंच करून चौकात लावायला मात्र दोघंही तयार. मी गोंधळलो तो तिथपासून.

"पोरले इचारं ना?" रतिलालभाऊंनी मशीन सुरू करता करता विचारलं.

"तिना बापले इचारं, भाऊले इचारं, काकाले इचारं. आखो कोनाले इचारू?"

तिचे वडील हो का म्हणाले, तेही मी ऐकलं आहे. ते दुसऱ्या दिवशी मला बघायला दुकानात आले होते. "गाव आज मनी पोरना मांगे कुजबुजस," ते रतिलालभाऊंना म्हणाले. "एक डाव सत्कार व्हई गया, तं समोर टाळ्या तरी वाजाडी." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची कणव आली. मला वाटलं, मी या माणसाचं भलं करणार आहे.

सकाळी मला बांबूच्या चौकटीवर ताणून चौकात उभं केलं. काय सांगू मित्रांनो! छाती इतकी फुगली, की कडेच्या दोऱ्या कुरकुरल्या. मधोमध समीक्षा हसते आहे, एका कोपऱ्यात हात जोडलेले चुडामणआबा, खाली शुभेच्छुकांची लांबलचक रांग. लोक थांबत होते, वाचत होते, माझे फोटो काढत होते. कोणी हात जोडले. एका बाईने वाचलं आणि मान खाली घालून ती भराभर निघून गेली. दोन माणसांनी फोटो मोठा करून बघितला, एकमेकांना कोपर मारलं आणि हसले. हात जोडणारे आणि हसणारे, दोघंही मलाच बघत होते. मग माझ्यावर नक्की लिहिलंय तरी काय, हे मलाच कळेना.

माझ्या सावलीत बेबाबाई भरताची वांगी घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या खेड्यातून त्या बाजाराला येतात. त्यांना वाचता येत नाही. एकाला त्यांनी विचारलं, "हाई पोर कोन शे? काय करं हिनं?"

त्या गृहस्थाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "युद्धातील..." इथवर वाचून तो घुटमळला, एक शब्द गिळला आणि पुढचं वाचलं. मग म्हणाला, "तिने काही नाही केलं अक्का. तिच्यावर..." आणि तो पिशवी सावरत निघून गेला. न वाचलेला शब्द बेबाबाईंना बरोबर कळला. त्या कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. ते दोघं अजून हसतच होते, त्यांच्यावर त्या खेकसल्या, "हासाले काय व्हयनं रे? व्हा पुढे!" मग त्यांनी टोपली उचलली आणि माझ्या सावलीतून उठून त्या समोर उन्हात जाऊन बसल्या. एवढ्या कडक उन्हात! मी म्हटलं, या बाईला झालं तरी काय?

दुपारी धुळ्याची एसटी आली आणि घरच्यांनी कारण न सांगता बोलावलेली समीक्षा उतरली. तिने वर पाहिलं. वर तीच होती, खालीही तीच होती. वरची हसत होती. खालचीने ओढणी चेहऱ्यावर ओढली आणि ती तडक आबांच्या दुकानाकडे चालू लागली. मला वाटलं, आभार मानायला चालली. इतका मी मठ्ठ.

"आबा, हाई कोनाले इचारीसन लायं?"

"बेटा, तुना बापले इचारं, भाऊले इचारं. बठ्ठासले इचारं."

"बठ्ठासले इचारं. माले नही."

आबा खुर्चीतून उठले. "तुना मान व्हावाले पाह्यजे म्हनीसन..."

"आबा," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापलीकडे मला स्पष्ट ऐकू आला. "तठे जे व्हयनं, ते बी माले इचारीसन नही व्हयनं. आनि हाई बी नही."

आबा पोत्यावर मटकन बसले. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. मग हा साठीचा माणूस उठला, शिडी घेऊन आला आणि स्वतः वर चढून माझ्या दोऱ्या सोडू लागला. त्याचे हात इतके थरथरत होते की गाठी सुटेनात. रतिलालभाऊ धावत कात्री घेऊन आले. मी खाली आलो. समीक्षाने त्यांच्या हातातून कात्री घेतली, माझ्यावर गुडघे टेकून बसली आणि आपला चेहरा, आपलं नाव आणि तो शब्द सगळं कापून काढलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं. मला दुखलं म्हणू नये, पण दुखलं. तरी त्याहून जास्त मला तिच्या हातांची भीती वाटली. ते अजिबात थरथरत नव्हते.

सत्कार रद्द झाला. आबा संध्याकाळपर्यंत बाजारात दुकान न् दुकान फिरले. "मोबाईल काढ भाऊ, तो फोटो पुस." समोर उभे राहायचे, पुसल्याशिवाय हलायचे नाहीत. कोणी लगेच पुसला. कोणी म्हणे केव्हाच पुसला. कोणी म्हणे, मी काढलाच नव्हता. आबा परतले तेव्हा समीक्षा दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"बठ्ठा फोटो पुसायनात का?"

आबांनी टोपी काढून हातात धरली. ती उठली आणि धुळ्याच्या एसटीत बसली. त्यानंतर ती पारोळ्याला आली नाही. दिवाळीलासुद्धा नाही. तिची आईच फराळाचा डबा घेऊन धुळ्याला जाऊन आली.

मला आबांच्या गोदामात बियाण्याच्या थप्पीमागे टाकून दिलं. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. अंधारात मी विचार करून करून दमलो. मी तर उतरलो होतो, कापला गेलो होतो. मग कोणाकोणाच्या खिशात, कोणत्या कोणत्या गावात मी अजून उभा होतो? माझ्यावरचा चेहरा निघाला, पण मोबाईलमधल्या त्या सगळ्या फोटोंत तो असेलच ना? मला मोठं व्हायचं होतं, पण असं नाही हो.

उन्हाळ्यात आबांनी धुळ्याला फोन केला. "मी ऊ का?" येऊ का, एवढंच त्यांनी समीक्षाला विचारलं. मग ते म्हणाले, "बरं, बरं," आणि उपरण्याने डोळे पुसले. त्यांनी संस्थेसाठी देणगी गोळा केली होती. लोक विचारायचे, कोणासाठी, नाव काय, फोटो कुठे आहे? आबा म्हणायचे, "नाव नही, फोटो नही. देनं व्हई तं द्या." पुष्कळांनी हात आखडता घेतला. काहींनी दिलं.

जाताना त्यांनी मलाही नेलं. संस्थेचा व्हरांडा रस्त्याला लागून होता. आत जाण्याआधी बायका तिथे बसायच्या आणि रस्त्यावरून कोणी गेलं की भिंतीकडे तोंड फिरवायच्या. आबांनी हे मोहिनीताईंकडून फोनवर ऐकलं होतं, म्हणून तर मला आणलं होतं. आता मात्र त्यांनी बांधण्याआधी समीक्षाला विचारलं, "हाई आठे लाऊ का?" तिने माझ्याकडे बघितलं. "रंग द्या आधी," ती म्हणाली. मग माझ्या भोकावर ठिगळ लागलं आणि आबांनी स्वतः मला निळा रंग दिला. शुभेच्छुक गेले, शाल-नारळ गेले. आबांनी स्वतःच्या हसऱ्या तोंडावर तर ब्रशचे दोन हात जास्तच मारले. समीक्षा त्या वेळी थोडीशी हसली, असं मला वाटलं.

आता मी त्या व्हरांड्याचा पडदा आहे. माझ्याकडे कोणी बघत नाही. सुरुवातीला मला फार लागलं. ज्याचा जन्मच लोकांनी बघावं म्हणून, त्याने दुसऱ्याला झाकत बसायचं, हे काय विचित्र! पण बायका माझ्या आत येऊन बसल्या की पदर जरा सैल करतात, पाणी मागतात. ते मला आवडायला लागलं आहे. का आवडतं ते विचारू नका.

मागच्या आठवड्यात व्हरांड्यात एक म्हातारी बाई आली. मी ओळखलं, त्या बेबाबाई. समीक्षा बाहेर आली तशी त्या म्हणाल्या, "तू ती फोटोवाली पोर ना?"

समीक्षाचा चेहरा पडला. बेबाबाई चटकन पुढे झाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"माले बी बोलनं शे, बेटा. भलतं जुनं शे. मना मालक गया, त्याले बी माहीत नही व्हतं." त्या थांबल्या. रस्त्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पन मना फोटो लावशात का?"

"नही अक्का. फोटो नही, नाव बी नही."

"मंग बसस."

मित्रांनो, मी पार बुचकळ्यात पडलो. मी चौकात उभा राहिलो नसतो, तर या बाई आल्या असत्या का? म्हणजे मी चांगलं केलं? पण मला बघून किती जणींनी आयुष्यभर तोंड न उघडायचं ठरवलं असेल? मोहिनीताईंनाही ते सांगता येत नाही, मला काय सांगता येणार? तुम्ही मात्र एवढं करा. कोणाचा फोटो लावताना, काढताना, पुढे पाठवताना त्याच माणसाला विचारा. त्याच्या बापाला नाही, भावाला नाही, गावाला नाही. आणि ते नाही म्हणालं, तर का म्हणून विचारू नका.

समीक्षाने मला शेवटपर्यंत ओढून घेतलं आणि खालची दोरी बांधली. बेबाबाई आत खोलीत गेल्या नाहीत, माझ्या आडोशालाच बसल्या आणि बोलत राहिल्या. मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी फ्लेक्स आहे, चारचौघांत सांगणं हाच माझा जन्म. पण त्या काय बोलल्या, ते मी कोणालाही सांगणार नाही.