बालाजी घाटावरच्या इस्पितळाची पाटी

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. माझ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे: इस्पितळ.

मित्रांनो, इंग्रजी अमदानीत काशीला बालाजी घाटावरच्या गल्लीत आठ खाटांचे एक धर्मार्थ इस्पितळ निघाले. मला रंगवले नीलकंठ गुरुजींनी. ते कॉलेजात लॅटिन शिकवत. गल्लीतले लोक म्हणाले, "अस्पताल लिहा, गुरुजी. इथं तेच चालतं."

"आमचे आजोबा कोकणातले, ते इस्पितळ म्हणत," गुरुजी म्हणाले. "दोन्ही शब्दांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये होस्पेस म्हणजे पाहुणा. पाहुण्यानं उतरायची जागा ती होस्पिताले. इटलीत तिचं ओस्पेदाले झालं, फ्रान्सात ओपिताल, इंग्रजांचं हॉस्पिटल. पोर्तुगीजांच्या गलबतातून तोच शब्द आपल्याकडे उतरला."

लोक थांबून मला वाचत, तेव्हा मला फार बरे वाटे.

तिसऱ्या वर्षी प्लेग आला. आत गेलेला माणूस थेट मणिकर्णिकेच्या स्मशानातच जातो, असे लोक म्हणू लागले. माझ्याखालून जाताना ते मान खाली घालत.

एके सकाळी गुरुजींची पत्नी अन्नपूर्णा डोलीतून आली. तापाने ती लाल झाली होती. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"मी आत जायची नाही."

"अगं, ही पाहुण्यांची जागा. भिऊ नकोस. मी आहे ना बरोबर."

कंपाउंडर बिंदुमाधव बाहेर आला. खाली बघत म्हणाला, "गुरुजी, आत फक्त मरीज. साथ आहे, तसा हुकूमच आहे."

अन्नपूर्णेने गुरुजींकडे एकदा पाहिले आणि चौकट सोडली.

गुरुजी तीन दिवस माझ्याखाली पायरीवर बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी बिंदुमाधव त्यांच्या शेजारी येऊन बसला. गुरुजींना कळायचे ते कळले.

"काही बोलली का?"

"तुम्ही बाहेर आहात का, एवढंच विचारत होत्या. मी दर खेपेला हो म्हटलं."

"तिला खरं वाटलं?"

बिंदुमाधव उठून आत गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर गुरुजी काळा रंग घेऊन आले आणि स्टुलावर चढले.

"हे काय, गुरुजी?" बिंदुमाधवाने विचारले.

"या शब्दानं मी तिला फसवलं. पुसून टाकतो."

तेवढ्यात आत कुणीतरी पाणी मागितले. पुन्हा मागितले. आठ खाटांना बिंदुमाधव एकटा होता. गुरुजींनी कुंचला खाली ठेवला.

"होस्पेसचा दुसरा अर्थ मी तिला सांगितलाच नाही. पाहुण्याला घरात घेतो, त्यालाही होस्पेसच म्हणतात. मी आत जातो. हुकूम मोडला म्हणून काढायचं तर काढ मला."

बिंदुमाधवाने वाट सोडली.

त्यानंतर सहा वर्षे गुरुजी रोज दुपारी खाटांपाशी बसले. कुणाला पाणी पाजले, कुणाला गावाचे नाव विचारले. पुष्कळजण गेले, पण एकटे गेले नाहीत.

सातव्या वर्षी गुरुजींनाच उचलून आत आणले. बिंदुमाधवाची तोवर दुसरीकडे बदली झाली होती. नव्या माणसांना गुरुजी कोण, हे ठाऊक नव्हते. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ कुणीच बसले नाही.

पुढे इस्पितळ बंद पडले. संकठा घाटाजवळच्या एका घरात मी आता पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून पडून आहे.

मित्रांनो, मला उचलून पुन्हा रंगवा, असे मी म्हणत नाही. तुमच्या ओळखीचे कुणी आजारी असेल तर मात्र जा. खाटेजवळ थोडा वेळ बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल.