उरलेला सूर

लेनर्ड हुडाक अकरा वर्षं गात होता, आणि अकरा वर्षांत त्याच्या बायकोला त्याचा आवाज एकदाही वेगळा ओळखता आला नव्हता.

"फ्रँक कळतो, वॉल्टर कळतो, बर्नार्डचा खर्ज तर ठार बहिऱ्यालाही कळेल," आयरीन म्हणायची. "तू गातोस ना रे नक्की? की नुसतं तोंड हलवतोस?"

"ज्या दिवशी ऐकू येईन, त्या दिवशी माझं चुकलं समज," लेनर्ड म्हणायचा.

खरंच होतं ते. 'मिलब्रुक फोर'मधले चौघे यंगस्टाउनच्या एकाच चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. फ्रँक डिलुका मुख्य ओळ गायचा, वॉल्टर त्याच्या वर, बर्नार्ड तळाशी. मग जो सूर उरेल तो लेनर्डचा. उरलेल्या सुराला चाल म्हणून नसते. इतरांनी सोडलेल्या जागा शोधत उड्या मारायच्या. असलं काम कोणी हौसेनं मागून घेत नाही. लेनर्डच्या गळ्यात ते पडलं, कारण सूर वाटले त्या दिवशी तो उशिरा आला होता.

सत्तेचाळीस साली चौघांनी रेडिओची स्पर्धा जिंकली. बावन्न साली त्यांचं फेरीबोटीचं गाणं देशभर वाजलं, एकसारखे निळे कोट आले, न्यूयॉर्कची हॉटेलं आली. मग तरुण पोरांना गिटारवाले आणि कंबर हलवणारे आवडायला लागले, आणि अठ्ठावन्न उजाडेपर्यंत मिलब्रुक फोर जत्रेत गुरांच्या प्रदर्शनानंतर गायला लागले. त्याचं कोणी फार दुःख केलं नाही. काम होतं, करायचं.

दुखावलं ते सिड गार्बरनं. सिड त्यांचा मॅनेजर.

"टीव्हीच्या चौकटीत तीन चेहरे झकास मावतात," तो म्हणाला. "चौथ्याचा नुसता कान येतो."

तो कान नेहमी लेनर्डचाच असायचा. त्याच्या आईनं एकदा सगळी आळी गोळा करून दाखवला होता, "तो बघा, तो आमच्या लेनीचा."

"रविवारी दुपारी कँटनच्या कार्यक्रमाला टीव्हीवाला येतोय," सिड पुढे म्हणाला. "लेनी, तू त्या दिवशी खाली बस. सर्दी झाली म्हणून सांगू. तिघांत भागतंय का बघू तरी."

"आणि भागलं तर?"

सिडनं घड्याळाकडे पाहिलं. लेनर्डनं फ्रँककडे पाहिलं. फ्रँक खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता. लहानपणापासूनच्या मित्राला नाडी बांधायला याहून चांगला मुहूर्त सापडला नसता!

चौघांना सूर देणारी गोल शिट्टी कायम लेनर्डच्या खिशात असे. ती त्यानं वॉल्टरच्या हातावर ठेवली आणि तो घरी गेला.

रविवारी तो आयरीनशेजारी चौथ्या रांगेत बसला. पहिली गाणी ठीक झाली. मागे बँड होता, त्यानं सांभाळून घेतलं. मग फेरीबोटीचं गाणं आलं. त्यात मधल्या कडव्याला बँड थांबतो, नुसते गळे गातात आणि शेवटी बँड पुन्हा येतो. गाणं गाजलं होतं ते त्या कडव्यामुळे.

साथीला वाद्य नसलं की माणसाचा गळा केसाकेसानं खाली घसरतो. सगळे मिळून घसरतात, त्यामुळे गाणाऱ्यांना पत्ता लागत नाही. मिलब्रुक फोर अकरा वर्षांत कधी घसरले नव्हते. आपला कान पक्का आहे, असं फ्रँक समजत होता. खरं म्हणजे लेनर्ड आपला उरलेला सूर कणभर चढा धरायचा आणि बाकीच्यांना खालून ढकलत राहायचा. चर्चच्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्यानं त्याला ते कान पिळून शिकवलं होतं. यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणून तो कोणाला बोलला नव्हता.

कडव्याच्या दुसऱ्या ओळीला तिघं घसरायला लागले. तिसरीला आणखी. आणखी तीन ओळींनी बँड आपल्या पट्टीत येणार, हे तिघं त्याच्या अर्धा सूर खाली असणार आणि सगळ्या सभागृहाचे दात आंबणार. टीव्हीवाला कडेच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसला होता.

लेनर्डला काही करायची गरजच नव्हती. हाताची घडी घालून बसायचं, की सिडची टूम आपोआप मेली. दोषही कोणी देणार नव्हतं. तो काही संत नव्हता; त्यानं घडी घातलीसुद्धा. एक ओळ तशीच गेली. त्याला ती बुटाची नाडीही आठवली.

पण सूर आणखी उतरला आणि त्याला सहन होईना. गाणं त्याचंही होतं. तो ताठ बसला आणि गायला लागला, आयुष्यात कधी लावला नव्हता एवढा जोर लावून. पुढच्या बाईनं वळून डोळे वटारले. आधी बर्नार्डनं सूर पकडला, मग वॉल्टरनं. फ्रँकच्या भुवया वर गेल्या आणि मागोमाग त्याचा आवाजही. बँड आला आणि सगळं बेमालूम जुळलं.

टाळ्या संपतात न संपतात तोच सिड विंगेतून धावत आला. "बघितलंस? तिघं पुरे! लेनी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण..."

"अरे मेल्या..." आयरीननं तोंड उघडलं. लेनर्डनं तिचा हात दाबला.

फ्रँक स्टेजवरून तडक खाली आला. "सिड, पुढचा कार्यक्रम कुठे?"

"टोलीडो."

"तिथलं चौथ्या रांगेचं एक तिकीट काढून ठेव. त्याच्या पुढच्या गावाचंही काढ. जन्मभर काढत राहा. नाहीतर याला सरळ वर उभा कर."

"पण चौकट..."

"कॅमेरा मागे घ्यायला सांग!" मग तो लेनर्डकडे वळला. "अकरा वर्षं हे करत होतास? बोलला का नाहीस, गाढवा?"

"परवा तू का नाही बोललास?"

फ्रँकनं मान खाली घातली. नाड्या नीट बांधलेल्या होत्या. "चुकलं माझं," तो म्हणाला आणि वॉल्टरकडून घेतलेली शिट्टी त्यानं लेनर्डच्या खिशात घातली.

घरी जाताना अलायन्स गाव मागे पडलं.

"आज ऐकू आलास," आयरीन म्हणाली.

"कसा वाटलो?"

"खरं सांगू? जरा खरखरीत." ती हसली, मग हसायची थांबली. "आता पुन्हा नाही ना ऐकू येणार?"

"नाही."

"मग आत्ता गा. तुझं तेवढंच."

गाडी चालवता चालवता लेनर्डनं फेरीबोटीचं सगळं गाणं गायलं, फक्त आपल्या सुरांचं. दोन सूर वर, एक खाली, मग कितीतरी वेळ एकाच जागी. आयरीन शेवटपर्यंत ऐकत होती.

"याला चाल नाही रे काही," ती म्हणाली.

"नाहीच आहे."

"असू दे. पुन्हा गा."