खसाची ताटी

वर्ध्याकडं मे महिन्यात पाहुणा आला की पाण्याचा गिलास नंतर, कूलरसमोरची खुर्ची आधी! सेलूच्या गुलाबरावांनी तर लेक मेघा आणि सात वर्षांची नात जागृती महिनाभर राहायला येणार म्हणून छातीएवढा नवाकोरा कूलर आणून मागच्या खिडकीला बाहेरून बसवला होता. मेघानं फोनवर तीनदा बजावलं होतं, "बाबा, तिले मोठा आवाज सहन होत नाई. डॉक्टर म्हणते, तिच्या कानाले तो आपल्यापेक्षा लय जास्त लागते." पण ऐकतील ते गुलाबराव कसले!

दोघींनी उंबरा ओलांडला नाही तोच त्यांनी बटण दाबलं. कूलर घोंघावला, आणि जागृती कान दाबून, किंचाळत दिवाणाखाली शिरली.

"बंद करा, बाबा!"

"काऊन? छेचाळीस डिग्री हाये. लू लागली मंग पोट्टीले? लाडानं बिघडवली तू तिले."

झालं! मेघाच्या डोक्यात सणक गेली. सासू, शेजारीण, शाळेतल्या बाई, सगळ्यांकडून हेच ऐकून तिचे कान किटले होते. लेकीचा उन्हाळा सुखाचा जाईल असं एकच घर उरलं होतं, बापाचं. तेही गेलं. तिनं कूलरची पिन उपटली. "चारच्या बसनं आमी वापस जातो."

गुलाबराव मागच्या दारानं बाहेर गेले.

मेघाला एका जागी बसवेना. बॅग भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. घड्याळ पाहिलं. दिवाणाखाली आमरसाची वाटी सरकवली, पण आंब्याचा एक दोरा जिभेला लागला आणि पोरीनं सगळं थुंकून टाकलं. घामानं केस गालाला चिकटलेले, तरी हात लावू देईना. चारला पाच मिनिटं असताना मेघा तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली. परत येऊन पाहते तर दिवाणाखाली कोणी नाही, मागचं दार सताड उघडं.

"जागृती!" मेघा अनवाणीच धावली.

मागच्या अंगणात कडुलिंबाच्या फांदीला दोरीनं खसाची, म्हणजे वाळ्याच्या मुळ्यांची, ताटी टांगलेली होती. नव्या कूलरचीच, उचकटून काढलेली. गुलाबराव घामानं निथळत मग्ग्यानं तिच्यावर पाणी सोडत होते. वारा ताटीतून गार होऊन येत होता, आवाज कसला म्हणून नव्हता. जागृती ओल्या खसाला गाल लावून, डोळे मिटून उभी होती.

"आबा, हळू."

"हळूच टाकतो, माय."

मग मेघाकडं न पाहताच ते म्हणाले, "कूलर नोयता तवा आमी दाराले ताटीच बांधत होतो. तू तीनदा सांगतलं, म्या ऐकलं नाई."

तेवढ्यात रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. जागृतीनं कान दाबले. बस लांब गेली तसे हात खाली आले आणि गाल पुन्हा खसाला लागला.

"तुयी बस गेली वाटते," गुलाबराव म्हणाले.

"जाऊ द्या. आना तो मग्गा, हात दुखला असंन तुमचा."

जागृतीनं डोळे उघडले. "तू नको. आबा."

आजवर आईशिवाय ज्या पोरीचं पान हललं नाही, तिच्या तोंडून हे! मेघा तिथंच मातीत मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली.