समोरून पाहिलेलं हरीण

अंबादास तात्यांनी जन्मभर हरणं पाहिली ती पाठीमागूनच. करमाळ्याकडच्या त्यांच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की काळविटांचे कळप उतरायचे. तात्या राखणीच्या माळ्यावर बसलेले असायचे. गोफणीचा फटका वाजला, घशातून हाळी सुटली की कळप उधळायचा आणि दिसायच्या त्या पळत्या पाठी नि शेपट्या. हरणाचं तोंड कसं असतं, डोळे कसे असतात, हे काही त्यांना धड दिसलं नव्हतं. ज्याला हाकलायचं त्याचं तोंड कोण निरखत बसतो?

म्हणून मे महिन्यात इंग्लंडात रीडिंगला धाकट्या लेकाकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात जयंत जेवताना म्हणाला, "तात्या, या वीकेंडला हरणांसाठी पेरायला जायचंय," तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"हरणांपासून राखायला म्हणतोस व्हय?"

"नाही हो. हरणांसाठी. त्यांनी यावं आणि खावं म्हणून."

"आणि आल्यावर?"

जयंतनं बायकोकडे पाहिलं. नीना आमटी वाढता वाढता म्हणाली, "सांग ना आता. हौस तुझी आहे."

जयंत तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादानं तो शिकारीच्या सिंडिकेटमध्ये शिरला होता. सात-आठ जणांनी मिळून टेकड्यांकडचं एक जंगल शिकारीसाठी घेतलेलं. तिथं हरणं इतकी वाढली होती की नवी लावलेली रोपं जगेनात. म्हणून दर हिवाळ्यात काही माद्या मारायच्या, असं मालकाशी ठरलेलं. दाट झाडीत ती दिसत नाहीत. तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत हिरवा चारा करायचा, त्याच्या ओढीनं ती उघड्यावर येतात. यंदा पेरायचं काम नव्या मेंबरवर म्हणजे जयंतवर आलं होतं, आणि माद्यांचा सीझन उघडला की पहिली संधीही त्यालाच मिळणार होती.

तात्या मटण खाणारे. मारण्याचं त्यांना फार काही वाटलं नाही. नवल वाटलं ते पेरण्याचं.

जंगलाचा राखणदार कॉलिन जमीन नांगरून बियाणं घेऊन उभाच होता. क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासाची धाकटी बहीण. बी इतकं बारीक की फुंकरीनं उडावं. तात्यांनी ते मातीत कालवलं, धोतराचा काचा आवळला आणि मुठीमुठीनं फोकत निघाले. बांधाशी पोचल्यावर मागं वळून त्यांनी पेरलेल्या रानाकडे पाहिलं. कुणाचं पोट भरायला हे पेरलं, ते आठवून त्यांना हसू आलं.

परतताना गाडीत म्हणाले, "जयंता, मला एक हरीण समोरून दाव. जायच्या आधी. दुसरं काही नको तुझ्या विलायतेतलं."

"दाखवतो की. त्यात काय!"

पण त्यात बरंच काही होतं. क्लोव्हर वर आला, हिरवागार झाला, आणि तात्यांना राहवेना. पेरलेलं रान उघडं टाकायचं कसं? पुढच्या खेपेला जयंत गाडीत फोनवर बोलत होता तेवढ्यात त्यांनी दोन काठ्या बांधल्या, त्यांवर जयंतचा जुना रेनकोट चढवला, वर नीनाचं काळं पडलेलं नॉनस्टिक पातेलं पालथं घातलं. बुजगावणं असं झोकात उभं राहिलं की त्यांची त्यांनाच ऐट वाटली.

पुढच्या आठवड्यात कॉलिनचा फोन आला. फोन ठेवून जयंत डोक्याला हात लावून बसला.

"तो म्हणतोय, माणूस झकास बनवलाय. पण हरणांना आवडला नाही. एकसुद्धा फिरकलं नाही."

"अगंबाई, माझं पातेलं!" नीना हसून हसून खुर्चीत कोसळली. "मी घरभर शोधतेय!"

तात्या ओशाळले. हात सवयीनं चालला होता, डोकं मागं राहिलं होतं. कॉलिननं बुजगावणं काढून आपल्या फाटकाशी उभं केलं आणि निरोप धाडला: आता कुणीच त्या रानात पाऊल टाकायचं नाही. माणसाचा वास राहतो. आली तर येतील.

आली तर. ते दोन शब्द तात्यांना उन्हाळाभर टोचत राहिले. सकाळी नदीकाठानं फिरायला जावं, बदकं मोजावीत, आणि घरी आल्यावर विचारावं, "कॉलिनचा काही फोन?" नसायचा. व्हिसा सहा महिन्यांचा. झाडं पिवळी पडली, गळू लागली. माद्यांचा सीझन उघडला तोवर तात्यांची बॅग भरून झाली होती. परतीच्या विमानाआधीचा तो शेवटचा रविवार होता.

जयंतनं बजावलं होतं: तेल नको, तंबाखू नको, खोकलासुद्धा नको. झाडाला टेकवलेली शिडी चढून दोघं वरच्या फळीवर बसले.

"आरं, हा तर माळाच," तात्या कुजबुजले.

"याला हाय सीट म्हणतात."

"म्हणू देत."

खाली क्लोव्हर ओला चमकत होता. सूर्य झाडांमागं गेला. कुठं एक फेझंट कोंबडा ओरडला, मग सगळं गप्प झालं. गारठ्यानं बोटं वळत होती. आणि मग समोरच्या झाडीतला थोडा अंधार हलला, आणि त्याला पाय फुटले.

एक मादी बाहेर आली. थांबली. नाक वर करून वारा घेतला. तिच्यामागून आणखी दोन, मग आणखी. पावलांचा आवाज म्हणून नाही. जमिनीला लागताहेत की नाही कळू नये असे ते पाय. सगळ्या जणींनी माना घातल्या, आणि त्या शांततेत पाल्याचा करकर तुटण्याचा बारीक आवाज वर आला. गोठ्यात बैल कडबा खाताना यायचा तसाच.

तात्यांच्या छातीतून हाळी आपसूक वर आली. सत्तर वर्षांची सवय ती. त्यांनी मफलरचा बोळा तोंडात कोंबला. एक आवाज, आणि पुन्हा शेपट्याच दिसल्या असत्या. हाळी घशात तडफडली आणि हळूहळू बसली.

जयंतनं रायफल उचलली. तात्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला, तोंडातला बोळा काढला.

"जेवतायत रं. पानावरून उठवू नको."

"तात्या, पेरलंय कशासाठी मग?"

"जेवण होऊ दे. उठल्या की तुझं तू बघ. मी आडवा येणार नाही."

जयंतनं सुस्कारा दाबला आणि थांबला.

पोट भरल्यावर पहिली मादी कडेला आली. तात्यांनी दंडावरचा हात काढून घेतला. शब्द दिला होता. जयंतनं गाल रायफलीला लावला. हरीण आडवं उभं राहिलं तरच बार काढायचा, समोरून कधीच नाही, हे कॉलिननं त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

ती वळली, ती नेमकी त्यांच्याकडे तोंड करून. आणि तशीच उभी राहिली.

तात्यांना आधी कान दिसले, आत फिकट केसांचे. मग ओलं काळं नाक, त्यातून निघणारी वाफ. मग डोळे. आभाळात जेवढा उजेड उरला होता तेवढा सगळा त्या दोन डोळ्यांत जाऊन बसला होता. जबडा अजून सावकाश हलत होता. ओठातून क्लोव्हरचा एक देठ लोंबत होता, त्यांच्याच मुठीतून पडलेल्या बियाचा. ती भ्यालेली नव्हती. नुसती पाहत होती. एवढ्या वर्षांत, एवढ्या पिकांवर, असं तोंड खाली घालून कोण जेवत होतं, ते तात्यांना आज दिसलं. त्यांनी नकळत हात जोडले.

"वळ ना," जयंत श्वासाखाली पुटपुटत होता, "वळ, वळ..."

ती वळली नाही. वळली तेव्हा एका झेपेत झाडीत होती. बाकीच्याही विरून गेल्या.

जयंतनं गोळी काढून खिशात टाकली. दोघं शिडी उतरले. तात्या गाडीकडे न जाता क्लोव्हरात शिरले आणि उकिडवे बसून शेंड्यांवरून तळहात फिरवू लागले. जागोजागी पानं खुडलेली, ओली. असं खाल्लेलं पीक हाताला लागलं की आजवर त्यांच्या तोंडून शिव्याच निघायच्या.

"तात्या, चला. अंधार पडला." जयंत जवळ आला. "कॉलिनला काय सांगू मी आता?"

तात्या उठले नाहीत.

"सांग," ते म्हणाले, "आल्या होत्या. जेवून गेल्या."