उन्हाची सवय

पोलीस भरतीत माझी आठशे मीटरची धाव चार सेकंदांनी हुकली. सकाळी सहाला रांगेत उभं केलं आणि नंबर आला दुपारी साडेबाराला. उन्हानं पाय आखडले. पुढची भरती निघेपर्यंत माझं वय उलटून गेलं. म्हणून धाकट्या बहिणीला, रुद्राणीला, भरतीसाठी तयार करताना मी ठरवलं, हिला आधीच उन्हाची सवय लावायची.

रुद्राणी एकोणीस वर्षांची. आमच्या बोरी गावात तिच्यासारखं पळणारं पोरांतही कुणी नव्हतं. मे महिन्यात मी तिला रोज बारा वाजता शाळेच्या मैदानावर न्यायला लागले.

त्या दिवशी सकाळपासून तिचं अंग कोमट होतं. आई म्हणाली, "कणकण हाय तिला. आजच्या दिस ऱ्हाऊ दे."

"गोळी दिलीय. भरतीच्या दिवशी कणकण आली तर साहेब लोक थांबणार हायेत का?"

आठशे मीटर तिनं तीनदा पूर्ण केले. तिसऱ्यांदा ती जरा वाकडी पळत होती. तोंड लालबुंद झालं होतं, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"अक्का, डोस्कं लय दुखायलंय. बास करू का?"

"एकच. शेवटचं."

ती माझा शब्द कधी मोडायची नाही. पळाली. वळणावर मात्र थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली, "ही कुणाची शाळा हाय?" आणि कोसळली. हात लावला तर अंगाचा चटका बसला. टाकीचं पाणी ओतलं, तेही तापलेलंच. जीपनं परभणीला नेईपर्यंत तिला दोनदा झटके आले.

"हिला आधीपासून ताप होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

आई म्हणाली, "होता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक भिंत असते. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, ते ती ठरवते. ताप असताना, उन्हात, जीव तोडून पळालं की अंग भट्टीसारखं होतं. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनंही वाढतात आणि ती भिंत सैल पडते. नको ते आत झिरपतं, मेंदू सुजतो. "तोल सांभाळणारा मागचा भाग फार नाजूक असतो," ते म्हणाले. "तिथल्या पेशी मेल्या तर परत येत नाहीत."

नवव्या दिवशी रुद्राणीनं डोळे उघडले. सगळ्यांना ओळखलं. पण पाण्याचा पेला हातात दिला तर अर्धा अंगावर सांडला. शब्द लांबत होते, ओढल्यासारखे. उभं केलं की पाय फाकून डुलायची. डोकं मात्र लख्ख होतं. आपलं काय झालंय ते तिला सगळं कळत होतं.

आई मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी परत परभणीला दाखवलं. जे सुधारायचं होतं ते सुधारलं, आता हे असंच, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही एसटीनं परतलो. बोरीला उतरताना मी हात पुढं केला, तो तिनं झटकला. चार पावलं ती एकटी चालली, या कडेची त्या कडेला गेली आणि हॉटेलसमोर पडली.

बाकड्यावर बसलेला एक जण हसला. "काय गं, दिवसाढवळ्याच घेतली का?"

बाकीचेही हसले. मी तिच्याजवळ मातीत बसले. तिचे दोन्ही तळवे सोलले होते.

"मी... पिले... न्हाई," ती त्यांच्याकडं बघून म्हणाली. शब्द इतके ओढले गेले की ते आणखीच हसले.

घर तिथून दोन गल्ल्यांवर. पोचायला अर्धा तास लागला. दारात आल्यावर ती म्हणाली, "अक्का, आता मला भायेर नेऊ नको."

मी नेलं नाही. त्याला आता वर्ष होईल.