संगणकात बसलेला दादासो

स्वप्नालीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. त्याच वर्षाच्या अखेरीला, संध्याकाळच्या धारा काढून, पलूसजवळच्या एका गावातले लोक दूध संस्थेत जमले. किटल्या भुईवर, हात जोडलेले, नजरा संगणकावर. पडद्यापुढं ऊद, लिंबू आणि मठातला मांत्रिक कृष्णातबुवा.

स्वप्नालीची आई धोंडुबाई भिंतीला टेकून उभी होती. नवरा दादासो गेल्यापासून संस्था तिचं दूध घेत नव्हती. सभासद म्हणून त्याचं नाव काढून तिचं लावायचं, एवढंच काम. पण नाव निघत नव्हतं.

"दादासो, उठतोस का न्हाई?" बुवा गरजला.

कारकून वीरधवल, बुवाचा भाचा, त्यानं कळ दाबली. लाल अक्षरं उमटली: नाव काढता येत नाही.

"बघा! आत बसलाय. बायकूवर रुसलाय. दोनी म्हशी मठात सोडल्या तरच उठंल म्हणतोय."

"मेलेल्याला म्हशी कशाला?" धोंडुबाई म्हणाली. "जित्तेपणी त्येला दूध पचत नव्हतं."

"गप गं! तुझ्यापायी समद्यांची दुभती आटतील," शेजारचा तानाजी खेकसला. "सोडून टाक म्हशी."

त्या गेल्या तर तिनं खायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

मोहिद्दीन पेंडवाल्याची शिफा आष्ट्याला संगणकाचंच काम करायची. बापाबरोबर पेंड घेऊन आली होती. ती पुढं झाली. आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली, मग म्हणाली, "वीरधवलदादा, आता तानाजीकाकांचं नाव काढा."

"माझं कशाला गं?"

वीरधवलनं बुवाकडं बघितलं. कळ दाबली. तीच लाल अक्षरं.

"आवं काका, तुमी कवा मेलासा?" शिफानं तानाजीला विचारलं.

गर्दीत हसू फुटलं.

"ह्येला बी धरलंय!" बुवा ओरडला.

"मग चेअरमनचं काढू?"

तेही निघेना. शिफा खुर्चीवर बसली आणि कारण सापडलं. दिवाळीत संस्थेची माहिती नव्या प्रणालीत हलवली होती. जुन्या प्रणालीत नियम होता: ज्याच्या नावावर पेंडीची उचल, म्हणजे उधारी, त्याचं नाव काढायचं नाही. तो नियम तीन ट्रिगर राखत होते. ट्रिगर म्हणजे नोंदीला हात लावला की आपोआप चालणारी आज्ञा. नियम रद्द झाला, ट्रिगर मात्र राहून गेले. ते अजून उचलीच्या जुन्या यादीतच बघत होते, आणि त्या यादीत एकूण एक सभासद होता. दिवाळीनंतर नाव काढायची वेळ पहिल्यांदा आली ती दादासोचीच.

"तुला ठावं व्हतं रं?" धोंडुबाईनं वीरधवलला विचारलं.

"चूक माझीच. नोकरी जाईल म्हून चेअरमनला न सांगता मामाला सांगितलं. त्यो म्हणाला, मी बघतो."

शिफानं तिन्ही ट्रिगर काढले. दादासोचं नाव निघालं, धोंडुबाईचं लागलं.

"माझ्याच मंत्रानं उठला," लिंबू उचलत बुवा पुटपुटला.

"आता तूबी ऊठ," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं किटली काट्यावर ठेवली.

लोकहो, यंत्र अडलं तर यंत्र जाणणाऱ्याला बोलवा. एकट्या बाईच्या गोठ्याकडं बोट दाखवणाऱ्याला दारात उभं करू नका. दादासो दोन डिसेंबर दोन हजार तेवीसला, मिरजेच्या दवाखान्यात, छातीत कळ येऊन वारला.