आतलं नाव

पडद्यावरचं ते हिरवं बटण – ‘पाठव’ – तिनं अकराव्यांदा दाबलं, आणि उत्तर तेच : असा रकाना यादीत नाही. नाही कसा? डोळ्यांसमोर ढळढळीत दिसतोय की... तिचं केंद्र चाकखुर्च्या, कुबड्या, वॉकर उसने देतं. काय मोकळं आहे ते लोक ऑनलाइन यादीत पाहतात आणि मगच येतात. आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून आले, तर यादीत मोकळा दिसणारा वॉकर परवाच बाहेर गेलेला. ‘असू दे हो,’ म्हणाले. ते ‘असू दे’च तिला जास्त लागलं.

पूर्वी ती रोज या यादीत नव्वद ओळी एकेक करून भरायची. ते बघवेना म्हणून नवऱ्यानं मॅक्रो, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, लिहून दिला – एक्सेलमधल्या बदललेल्या ओळी तो उचलणार, इंटरनेटवरच्या वेब सर्व्हिसच्या हवाली करणार, आणि ती सर्व्हिस त्या ओळी ऑनलाइन यादीत नेऊन बसवणार. ‘तू चहा पी, तोवर होतंय’... किती सलग बोलायचा तेव्हा! आठ महिन्यांपूर्वी त्याला मेंदूचा झटका आला, आणि आता तो चमच्याला खिडकी म्हणतो. म्हणून ती त्याला शब्द शोधूच देत नाही, आधीच पुरवते – पाणी ना? उशी ना? – मायेनं की भीतीनं, कुणास ठाऊक.

दुपारी घरी तो तिच्या टेबलाशी येऊन बसला. पडद्यावर बोट ठेवलं.

“हे... कोणी?”

“मीच. केंद्राच्या साहेबांनी यादीत ‘स्थिती’ रकान्याचं नाव ‘उपलब्धता’ केलं, म्हणून मॅक्रोतही मी –”

“नाही.” तो चक्क हसला. “ते... दार. दारावरचं. आतलं... आतलं...”

“पासवर्ड? आतली शीट?”

त्यानं टेबलावर थाप मारली. तिनं पुढचा अंदाज आवरला.

“नाव,” तो म्हणाला. “आतलं नाव. जुनंच.”

म्हणजे साहेबांनी बदलली ती रकान्यावर दिसणारी नुसती पाटी... यादी आतून अजून ‘स्थिती’लाच ओ देत होती! तिनं मॅक्रोत जुना शब्द परत लिहिला, आणि ओळी सरसर गेल्या. पाचच मिनिटांत केंद्राचा मोबाइल वाजला – “चाकखुर्ची मोकळी दिसतेय, आईसाठी हवी होती. येऊ?” “या, चारला या.”

फोन ठेवला, तरी तो तिच्याकडेच पाहत होता, ओठ काहीतरी जुळवत.

“तू...”

तिच्या जिभेवर तीन शब्द तयार होते. तिनं ते गिळले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. लागू दे वेळ. चुकीचा निघाला तरी शब्द त्याचा असेल... आणि त्याची वाट पाहताना, किती दिवसांनी, तिला भीती वाटत नव्हती.